थोरल्या खोलीचा गार निळा

आमच्या गावात प्रत्येक घरात एक खोली अशी असते, जिच्यात कुणी राहत नाही. घरातली सगळ्यांत चांगली खोली नेमकी तीच. तिला आम्ही थोरली खोली म्हणतो. रस्त्याकडची खिडकी तिला, कोरडी जमीन तिला, नक्षीचा गालिचा तिला. घरची माणसं मागच्या दोन अंधाऱ्या खोल्यांत एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपतात आणि हिवाळाभर खोकतात. थोरल्या खोलीत मात्र लेकीच्या रुखवताच्या उशा, गोधड्या, गालिचे छतापर्यंत रचून आराम करत असतात. पाहुणे आले की दार उघडायचं, मुलगी बघायला आले की उघडायचं, आणि घरातलं कुणी गेलं की त्याला तिथं ठेवायचं. म्हणजे त्या खोलीत निवांत आडवं व्हायचं असेल तर आधी मरावं लागतं. तेही पाद्री येईपर्यंतच.

चौकात माझं दुकान आहे. चुना, खिळे, रंग, बियाणं, मेणबत्त्या. माणूस काय नेतो त्यावरून त्याच्या घरात काय शिजतंय ते मला त्याच्या बायकोच्या आधी कळतं. अग्रिपिनाचं तर मला वर्षानुवर्षं पाठ होतं: ईस्टरच्या आधी भिंतींना द्यायला एक गोणी चुना आणि नीळ. चुन्यात नीळ सगळ्याच बायका घालतात, चिमूटभर. अग्रिपिना अशी घालायची की तिच्या थोरल्या खोलीतून बाहेर आलेल्या माणसाचे दातसुद्धा घटकाभर निळसर दिसायचे. गावात सगळ्यांत निळी खोली तिची, हे तिलाही माहीत होतं आणि ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला तिला आवडायचं.

तिचा नवरा तोआदेर गेला तेव्हा तो त्याच खोलीत होता, त्याच निळ्यात. सगळं गाव येऊन गेलं. बाहेर पडताना एक बाई दुसरीला म्हणाली, "भिंती काय सुरेख दिसतात गं." अग्रिपिना रडत होती, पण तिनं ते ऐकलं. मी बघत होते.

आता उरली एकच मुलगी, कोरिना. गावच्या बालवाडीत शिकवते. माझी ती धर्मकन्या, बाप्तिस्म्याच्या वेळी मीच तिला हातात धरली होती. म्हणून त्या घरात नाक खुपसायचा मला अधिकार आहे. आणि नसता तरी मी खुपसलंच असतं. कोरिनाचं सांदूशी जमलेलं. सांदू ट्रॅक्टर दुरुस्त करतो, स्वभावानं सरळ, एकच खोट, थोरला भाऊ बोलोन्याला. आमच्या गावची निम्मी माणसं इटलीत परक्यांचे म्हातारे सांभाळतात आणि इथल्या म्हाताऱ्यांना सांभाळायला कुणी नाही. हिशोब बरोबर आहे, फक्त रकाने उलटे भरलेत. सांदूचा भाऊ दर रविवारी फोनवर चेहरा दाखवायचा. मागं पांढरी भिंत, हातात कॉफी. म्हणायचा, "या रे, काम आहे, खोली आहे."

उन्हाळ्यात एके सकाळी अग्रिपिना दुकानाच्या दारातूनच ओरडली, "लिदा, पोरं राहतायत!"

"कुठं?"

"इथं! माझ्याकडे! सांदू म्हणाला, लग्नानंतर इटलीचं नाव काढणार नाही. एक अट आहे फक्त."

"मोठी आहे?"

"थोरली खोली मागतात."

मी हातातला खिळ्यांचा डबा खाली ठेवला. "मागतात म्हणजे? राहायला?"

"राहायला," ती आवाज खाली आणून म्हणाली. कुणी ऐकलं तर चौकीत खबर जाईल, असा तिचा चेहरा.

"आणि तू काय म्हणालीस?"

"हो म्हणाले. काय करू? जातील ना नाहीतर. तोआदेर गेल्यापासून मी कोंबड्यांशी बोलते, लिदा. त्यांनाही कंटाळा आलाय. परवा एक उठून गेली."

तेवढ्यात कोरिना आली. तिच्या हातात शहरातून आणलेलं रंगांचं पुस्तक होतं, पंख्यासारखं उघडणारं. त्यात निळेच निळे. एकाचं नाव 'झोपलेलं सरोवर', एकाचं 'कालचं धुकं'. कोरिनानं बोट ठेवलं ते 'उत्तर समुद्रावरची पहाट' या नावावर. आमच्यातल्या कुणी उत्तर समुद्र पाहिलेला नाही. पहाट रोज बघतो, पण तेव्हा शेण काढत असतो.

"निळा तर आहेच की खोलीला," अग्रिपिना म्हणाली.

"आई, तुझा निळा ओरडतो. हा गार निळा आहे. शांत. डोळ्यांना बरं वाटतं, खोली मोठी दिसते, झोप छान लागते."

"झोप दमल्यावर लागते. तुझ्या बापाला कधी भिंतीकडे बघून झोप आली होती? तो जेवताना झोपायचा."

"अशा रंगात माणसाचं मन थाऱ्यावर येतं म्हणे."

"त्या खोलीत माणूस आहेच कुठं थाऱ्यावर यायला?" मी म्हणाले.

दोघींनी माझ्याकडे रागानं बघितलं. म्हणजे बरोबर बोलले होते.

रंग जिल्ह्याच्या गावाहून मागवला. डबे देताना मी सांगितलं, जे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे: जुना चुना आधी खरवडा. चुन्याची भुकटी होत असते, हा डब्यातला रंग तिला धरत नाही, नुसता वर पांघरुणासारखा पडून राहतो.

"खरवडायचं?" अग्रिपिना छातीवर हात ठेवून म्हणाली. "माझ्या सासूचे ईस्टर आहेत त्या भिंतीत! खाली तिचे थर, वर माझे. मी मेल्यावर खरवडा."

"मेल्यावर तू त्याच खोलीत असशील. खरवडायला जागा कुठं?"

"तू डबे दे, लिदा."

मी डबे दिले. गिऱ्हाइकाशी वाद घालून मी कधी दुकान चालवलं नाही.

ऑगस्टमध्ये रुखवत अंगणात काढलं. नक्षीचे गालिचे, उशा, चादरी सगळं दोरीवर. येणारा-जाणारा थांबून बघत होता आणि अग्रिपिना आत येण्याचा आग्रह करत नव्हती, कारण आत बसायला काहीच उरलं नव्हतं. सांदू रोलरनं रंग द्यायचा आणि अग्रिपिना त्याच्या मागं छोटा ब्रश घेऊन फिरायची.

"सासूबाई, तिथं झालंय."

"झालं असेल. मी बघते फक्त."

"बघताय आणि ब्रशही फिरवताय."

"ब्रश हातात असला की फिरतो, बाळा."

खरं सांगते, खोली सुंदर झाली. उन्हाळ्यात विहिरीत वाकून बघावं आणि खालून गारवा तोंडाला लागावा, तसा तो निळा होता. पांढऱ्याला जवळ, पण पांढरा नव्हे. खिडकीतून ऊन आलं तरी भिंतींवर ते मवाळ होऊन पडायचं. गावातल्या बायका एकेक करून आल्या. अग्रिपिनानं प्रत्येकीला बूट काढायला लावले. सांदूची आई फेओदोसियाही आली, होणारी विहीण. तिनं चारी भिंती बघितल्या, छत बघितलं, आणि म्हणाली, "छान आहे. जिल्ह्याला मासळीचं दुकान आहे ना, बर्फवालं, तिथं असाच आहे."

"विहीणबाई, तिथं तुम्ही रोज जाता वाटतं," अग्रिपिना गोड हसून म्हणाली.

द्राक्षतोडणी उरकली, ऑक्टोबरात लग्न झालं. लग्नाची पंगत मांडवात, पण मुख्य पाहुणे थोरल्या खोलीत. त्यासाठी रुखवत परत रचलं होतं, 'तेवढ्यापुरतं'. गालिचे भिंतीवर गेले, उशा छताला टेकल्या, संतांच्या तसबिरीवर भरतकामाचा पंचा आला, कपाटावर सफरचंदांची रांग लागली. त्या गार निळ्यावर लाल गालिचे असे खुलले की पाहुणे जेवण विसरले. म्हणजे अग्रिपिना तसं सांगते. मी त्यांना जेवताना बघितलंय. दुसऱ्या दिवशी तिनं खोली झाडली, पडदे ओढले, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यातल्या क्रुसाच्या दोऱ्यात अडकवली.

"आई, आमचा पलंग कधी आत न्यायचा?" कोरिनानं विचारलं.

"नेऊ ना. रंग नीट वाळू दे."

रंग ऑगस्टपासून वाळत होता. पण अग्रिपिनाच्या मते असले परदेशी रंग वरून वाळतात, आतून नाही.

मग नोव्हेंबर आला. आमच्या गावच्या संताचा दिवस नोव्हेंबरात असतो आणि आसपासच्या गावांतून पाहुणे येतात. त्यांना बसवायचं कुठं? "एवढी जत्रा होऊ दे." मग नाताळचा उपास. उपासाच्या दिवसांत का कुणी नव्या खोलीत संसार मांडतं? मग नाताळ, आमचा जुन्या पंचांगाचा, जानेवारीतला. गाणी म्हणणारी पोरं दारात येणार, त्यांना दार उघडल्यावर काय तुमचा पलंग दाखवायचा? मग पाद्री पवित्र पाणी शिंपडायला येणार. तो गेल्यावर नक्की. अग्रिपिनानं कॅलेंडर असं वापरलं की एकही संत रिकामा बसला नाही.

आणि पोरं कुठं होती? स्वयंपाकघरामागच्या खोलीत, लोणच्याच्या पिंपाशेजारी. खाट इतकी अरुंद की सांदू कूस बदलायचा तर आधी कोरिनाला उठवायचा. पिंपातल्या कोबीचा वास त्यांच्या कपड्यांना लागला. बालवाडीतली एक चिमुरडी कोरिनाला म्हणाली, "बाई, तुम्हाला आंबट वास येतो." कोरिनानं ते मला हसत सांगितलं, पण तिच्या हसण्यात मला हसू दिसलं नाही.

अग्रिपिना मात्र रोज एकदा थोरली खोली उघडायची, दारातच उभी राहायची, बघायची आणि बंद करायची. रंग चांगला झाला नसता तर तिनं पोरांना कधीच आत घातलं असतं, असं मला वाटतं. पण तो इतका चांगला झाला होता की त्यात माणसं राहायची म्हणजे तिला कसंतरीच व्हायचं. माणसं म्हणजे काय शेवटी? भिंतीला पाठ टेकतात, पलंगावर बसून खातात, दिव्याची काजळी करतात. राहतात, थोडक्यात.

पाद्री शिंपडून गेला त्याच आठवड्यात कोरिना दुकानात आली. खोकी चिकटवायची टेप मागितली आणि जाड दोरी. जानेवारीत आमच्याकडे या दोन वस्तू एकत्र कुणी नेल्या की मी पुढचं विचारत नाही. मंगळवारची मिनीबस इटलीला जाते, माझ्या दुकानासमोरूनच.

"आईला सांगितलंस?"

"काय सांगू, लिदामावशी? ती म्हणेल ईस्टर होऊ दे."

मी दुकान बंद केलं आणि सरळ अग्रिपिनाकडे गेले. ती कोंबड्यांना दाणे टाकत होती.

"तुझी पोरं चालली," मी म्हणाले.

तिचा हात तसाच राहिला. दाणे बोटांतून सांडत राहिले आणि कोंबड्या तिच्या पायावर चढल्या. "कुणी सांगितलं?"

"टेपनं."

"पण मी दिला ना तिला रंग! तिला जो हवा होता तोच! मला आवडलाही नव्हता तरी दिला!"

"तिनं खोली मागितली होती, अग्रिपिना. रंग ही वरची मागणी होती."

"देणारच होते मी. देणार नव्हते असं कधी म्हणाले?" असं म्हणून ती ओट्यावर बसली. "आता काय करू?"

मी म्हणाले असते की किल्ली दे. पण ती आमच्या गावची बाई. तिनं तेच केलं जे आमच्याकडे प्रत्येक संकटात करतात: विहिणीला जेवायला बोलावलं. रविवारी दुपारी सगळ्यांनी बसायचं, पोरांना समजवायचं. आणि विहिणीला जेवायला बोलावलं म्हणजे बसवायचं कुठं हे वेगळं सांगायला नको. स्वयंपाकघरात चूल भडकलेली होती, भिंती उबदार होत्या, मांजर पाठीवर झोपलेलं होतं. पण विहीण स्वयंपाकघरात बसवली तर तो अपमान झाला असता. त्यामुळं आम्ही पाच माणसं मानानं थोरल्या खोलीत बसलो, जिच्यात कधी आग पेटत नाही. तिच्या कोपऱ्यात विटांची उंच शेगडी आहे, पण तिच्या पोटात अग्रिपिना चेरीच्या मुरंब्याच्या बरण्या ठेवते.

बाहेर बर्फ होतं. आत बर्फ नव्हतं एवढाच फरक. प्रत्येकाच्या तोंडातून वाफ निघत होती आणि त्या गार निळ्या भिंतींवर ती फार सुंदर दिसत होती. फेओदोसियानं कोट काढला नाही, वर शालही सोडली नाही. कोबीच्या पानांत खिमा गुंडाळून केलेल्या सार्माल्यांवरच्या चरबीचं मेण झालं. टेबलावर खुशीत होतं ते फक्त थंडच खायचं थिजवलेलं डुकराचं मांस.

"घ्या ना, विहीणबाई," अग्रिपिना म्हणाली.

"घेते. हात खिशातून निघाला की घेते."

"वाइन घ्या, अंगात ऊब येईल."

"वाइन कुठाय? मला वाटलं तुम्ही बर्फाचं सरबत ठेवलंय." मग ती भिंतींकडे बघून म्हणाली, "काय म्हणालात नाव? कुठली पहाट?"

"उत्तर समुद्रावरची," सांदू म्हणाला.

"हं. आणलात खरा समुद्र इथपर्यंत."

"आई, गप्प बस गं," सांदू म्हणाला. "तसबिरीतल्या संतानंसुद्धा झगा घट्ट ओढलाय, बघ."

कोरिना हसली. अग्रिपिना हसली नाही. ती ताटाच्या कडेला बोट फिरवत म्हणाली, "मी तुम्हाला काय कमी केलं, तेवढं सांगा. विहीणबाई, तुम्हीच विचारा त्यांना."

"मी काय विचारणार? माझा एक तिकडं गेला, तेव्हा मलाही कुणी विचारलं नाही." फेओदोसियाचा आवाज एकदम साधा झाला. "पण तुम्ही कबूल केलं होतंत, विहीणबाई. पोरगा माझ्या घरातून इथं आला तो याच खोलीच्या शब्दावर. आमच्याकडे त्याला खिडकीजवळची खाट होती. तुमच्याकडे पिंपाजवळची आहे."

"नवी खोली आहे! रंग नवा! लगेच का कुणी..."

"आई," कोरिना म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर अग्रिपिनाला बरं पडलं असतं, तिला उलट ओरडता आलं असतं. "मला आठवतं तसं मी या खोलीत बसले ते बाबा गेले तेव्हा, लग्नात, आणि आज. तिन्ही वेळा थंडी वाजली. मला रंगाचं काही नव्हतं गं. मला एक दार हवं होतं, आतून लावता येईल असं. तिकडं बोलोन्याला मिळेल ती खोली याच्या निम्मी आहे आणि तिचा रंग कसला आहे ते मी विचारलंसुद्धा नाही."

कपाटावरच्या सफरचंदांपैकी एक उगाचच घरंगळलं आणि थांबलं. अग्रिपिना उठली आणि बाहेर गेली.

"रुसली," फेओदोसिया म्हणाली.

"रडायला गेली," सांदू म्हणाला.

मला वाटलं, आणखी थिजवलेलं मांस आणायला गेली. पण ती परत आली तेव्हा तिच्या कुशीत द्राक्षवेलींच्या वाळक्या काटक्यांचा भारा होता आणि वर मक्याची बुरकुंडं. ती शेगडीसमोर गुडघ्यांवर बसली. मुरंब्याच्या बरण्या एकेक काढून गालिच्यावर, त्याच नक्षीच्या गालिच्यावर, ठेवत गेली. मग काडी ओढली.

आधी धूर झाला. चिमणीला आपलं काम आठवायला वेळ लागला. आम्ही सगळे खोकलो, संत धुरात गेला, फेओदोसिया म्हणाली, "वा, आता मासळी भाजायची का?" पण मग ओढ लागली आणि आग हुंकारली. विटा तापल्या. कोट सुटले, मग शाल सुटली. सार्माल्यांची चरबी विरघळून चकाकायला लागली आणि सांदूनं सलग इतके खाल्ले की त्याच्या आईनं दुसऱ्याच्या घरात डोळे वटारले. वाइनचा घोट घशाखाली उतरल्याचं कळायला लागलं. कोरिनानं बूट काढून पाय शेगडीकडे केले. त्या खोलीत कुणाचे मोजे बघायची माझी ती पहिलीच वेळ.

"फार नाही वाईट," फेओदोसिया भिंतींकडे बघत म्हणाली. "उबेत बघितला तर रंग बरा आहे."

नेमकं तेव्हा शेगडीशेजारच्या भिंतीवर कढईत पापड फुगावा तसा एक फुगा आला. मग दुसरा. मग टरटर असा बारीक आवाज, शिवण उसवताना येतो तसा. आम्ही सगळे तिकडे बघत होतो, म्हणून वरच्या बाजूचं कुणी बघितलं नाही. छताजवळून एक आख्खी पट्टी सुटली, हळूच वळली, आणि उत्तर समुद्रावरची पहाट विहीणबाईंच्या डोक्यावर उतरली.

फेओदोसिया हलली नाही. खांद्यापर्यंत निळी होऊन ती म्हणाली, "सांदू, बघ रे, आत कुणी आहे का."

कोरिना खुर्चीवरून घसरेपर्यंत हसली. सांदूनं आईला सोडवलं. अग्रिपिना तशीच उभी होती, हातात काटकी घेऊन. पट्टीच्या उलट्या बाजूला तिच्या मागच्या सगळ्या ईस्टरांचा जाड निळा चिकटून आला होता. भिंतीवर त्या जागी आता त्याच्या खालचा रंग दिसत होता: फिकट, गार, जेमतेम निळा.

"हाच!" कोरिना उठून भिंतीजवळ गेली. "आई, मला हाच हवा होता! पुस्तकात असाच होता!"

अग्रिपिना वाकून बघायला लागली. बोटानं घासून पाहिलं. मग तिचा चेहरा आंबट झाला. "हा सासूबाईंचा," ती म्हणाली. "म्हातारी कंजूष होती. नीळ नखावर घेऊन घालायची. लग्न झाल्यापासून मी तिला दाखवत आले की निळा म्हणजे काय असतो. आणि आता माझीच पोरगी..." तिनं काटकी शेगडीत टाकली. "मेल्यावरसुद्धा जिंकली बघ."

पुढचा पापड खिडकीशेजारी फुटला. आता थांबवण्यासारखं काही उरलं नव्हतं. एका बाजूला पट्ट्या लोंबत होत्या, खाली बरण्या, वर धुराचा डाग, टेबलावर सांडलेली वाइन. अग्रिपिनानं सगळीकडे एकवार नजर फिरवली.

"आता इथं कुणाला बसवणार मी?" ती म्हणाली.

"कुणालाच नाही," कोरिना म्हणाली.

"तेच म्हणते." तिनं गळ्यातला दोरा वर काढला. गाठ सुटेना, म्हणून दातांनी सोडवली, किल्ली टेबलावर ठेवली. सार्माल्यांच्या ताटाशेजारी, चरबीत. "पलंग आणा जा. आणि सांदू, दाराला आतून कडी लाव. मी ठोठावीन."

मंगळवारी मिनीबस माझ्या दुकानासमोर थांबली. सांदूनं भावासाठी अक्रोड आणि चीजचं खोकं चढवलं, टेपनं नीट चिकटवलेलं, आणि खाली उतरला. कोरिना उरलेली टेप घेऊन दुकानात आली.

"परत घेता का, लिदामावशी?"

"वापरलेली टेप मी परत घेत नाही. ठेव घरी, भिंतीला लाव."

ईस्टरच्या आधी दोघांनी थोरल्या खोलीच्या भिंती खरवडल्या, आणि कोरिनानं चुना नेला आणि नखावर मावेल इतकीच नीळ. रंगाचं पुस्तक तिनं बालवाडीत पोरांना कापायला दिलं.

मग अग्रिपिना आली. तिनं एक गोणी चुना मागितला आणि नीळ, नेहमीइतकी, वर आणखी थोडी.

"कशाला आता?" मी विचारलं. "थोरली खोली तर झाली."

"माझ्या खोलीला. रुखवत हलवलं ना तिकडं. उशा, गालिचे, सगळं. पाहुणे आले तर एक खोली नीट नको का घरात?"

"आणि तू कुठं झोपतेस?"

"स्वयंपाकघरात. बाकावर."

"कुलूप लावलंस?"

तिचा हात गळ्यातल्या दोऱ्यावर गेला तेवढा.

"बाकावर झोप लागते का तरी?"

"कुठली लागतेय!" अग्रिपिना गोणी कडेवर घेत म्हणाली. "भिंतीपलीकडे दोघं अर्धी रात्र बडबडतात. परवा तर गाणीसुद्धा म्हणत होती. डोळ्याला डोळा नाही, लिदा." आणि हे रडगाणं ती चौकापर्यंत भेटेल त्याला थांबवून, मोठ्या आवाजात ऐकवत गेली.